घरात कोणी शिरलं तर: हात कधी उगारायचा, कधी आवरायचा

डिसेंबरात नागपूरला सूर्य संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि सकाळी पावणेसातच्या आसपास उगवतो. जूनमध्ये तो साडेपाचलाच वर येतो आणि सातला जातो. आता समजा, सकाळी सहा वाजता मागच्या खिडकीची जाळी कापून कोणी घरात शिरला. डिसेंबरात कायद्याच्या लेखी ही रात्रीची घरफोडी, जूनमध्ये दिवसाची. त्या माणसावर तुम्ही कुठवर बळ वापरू शकता, हे या फरकावर बदलतं. म्हणून घटनेनंतर सगळ्यात आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा.

पानठेल्यावर या विषयाची दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, रात्री घरात चोर आला तर मारून टाका, काही होत नाही. दुसरं म्हणतं, चोराला बोट लावलं तरी आपणच आत जातो. पहिल्या मतावर विसंबून लोक तुरुंगात गेले आहेत. दुसरं मत कमी धोक्याचं आहे, पण तेही खरं नाही.

कायद्यात नेमकं काय आहे

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची. जुन्या दंडविधानात हीच ९६ ते १०६ होती. क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला, त्यामुळे जुने निकाल आजही न्यायालयात वाचले जातात. वकिलाशी बोलताना दोन्ही क्रमांक माहीत असलेले बरे.

कलम ३५ प्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्या कोणाचाही देह वाचवायचा हक्क तुम्हाला आहे. चोरी, जबरी चोरी, आगळीक म्हणजे नासधूस, आणि फौजदारी अतिक्रमण यांपासून मालमत्ता वाचवायचाही आहे, मग ती स्वतःची असो की शेजाऱ्याची. आत शिरलेला दारूच्या नशेत असो, मनोरुग्ण असो की अल्पवयीन, तरी कलम ३६ प्रमाणे हक्क उरतो.

कलम ३७ त्याला कुंपण घालतं आणि बहुतेक खटले याच कलमावर हरले किंवा जिंकले जातात. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही. बचावासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि आपलं काम सद्भावनेने करणाऱ्या सरकारी नोकराविरुद्ध, मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती नसेल तर, हा हक्क चालत नाही. साध्या कपड्यातले पोलीस रात्री दार ठोठावतात तेव्हा हाच मुद्दा येतो. दार उघडण्याआधी खिडकीतून ओळखपत्र मागा, ११२ ला फोन करून खात्री करून घ्या. समोरचा पोलीस आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं आणि तसं समजायला कारणही नव्हतं, तर तुमचा हक्क जात नाही; पण ओळख दाखवल्यावर काठी उगारली तर जातो.

जीव जाईल इतकं बळ कधी चालतं, हे दोन कलमांत आहे. देहाच्या बचावासाठी कलम ३८: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेची वाटच उरू नये असं डांबून ठेवणं, अ‍ॅसिड फेकणं किंवा पाजणं. मालमत्तेसाठी कलम ४१: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या इमारतीला आग लावणं किंवा स्फोटक वापरणं, आणि अशी चोरी, आगळीक वा गृहअतिक्रमण की आता प्रतिकार केला नाही तर मरण किंवा जबर दुखापत ओढवेल असं वाटावं. या यादीत बसत नसेल तर जीव सोडून बाकी इजा करण्यापुरताच हक्क आहे. यादीत बसत असलं तरी ‘लागेल तेवढंच’ हे ३७ चं कुंपण तसंच राहतं. रात्रीच्या घरफोडीचं कलम वाचून थांबणारे नेमकं हेच विसरतात.

घरफोडी म्हणजे काय, कूलर आणि कडी

बोलीभाषेत घरातली कुठलीही चोरी घरफोडी असते. कायद्यात नसते. कलम ३३० मध्ये घरफोडीचे सहा प्रकार आहेत. स्वतः वाट पाडणं. माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून शिरणं. घरमालकाला अभिप्रेत नसलेल्या रीतीने वाट उघडणं. कुलूप उघडणं. हल्ला करून किंवा धमकावून आत येणं किंवा बाहेर जाणं. आणि बंद करून ठेवलेली वाट मोकळी करणं.

नागपुरात याचा सगळ्यात जास्त संबंध कूलरशी येतो. मार्च-एप्रिलमध्ये खिडकीची ग्रिल काढून लोखंडी स्टँडवर कूलर बसवला जातो. तो कूलर बाहेरून सरकवून कोणी आत आला, तर ती खिडकी माणसाने यायची वाट नव्हती, म्हणजे घरफोडी. सळी घालून आतली कडी काढली तरी घरफोडी. पण मे महिन्यातल्या उकाड्यात पुढचं दार सताड उघडं ठेवून लोक आत झोपले आणि कोणी सरळ चालत आला, तर ते गृहअतिक्रमण आहे, घरफोडी नव्हे. त्याने कोणावर हल्ला केला किंवा धमकावलं तर चित्र बदलतं. एरवी मग घातक बळासाठी ‘मरण किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती’ वेगळी दाखवावी लागते. म्हणून रात्री दाराला कडी लावणं हे सुरक्षेपुरतं नाही, कायद्यातही त्याचं वजन आहे.

शरीराचा कुठलाही भाग आत आला तरी अतिक्रमण पूर्ण होतं. रात्री खिडकीतून हात घालून चार्जिंगचा मोबाइल उचलणारा त्यात येतो. त्याच्या हातावर काठी मारली तर बचाव टिकेल. कोयता मारून हात तोडला तर नाही, कारण मोबाइल वाचवायला तेवढं लागत नव्हतं.

उघड्या जागेचं तसं नाही. लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर किंवा शेतात कोणी घुसला तर ते अतिक्रमण आहे, पण तेवढ्यावरून त्याचा जीव घ्यायचा हक्क मिळत नाही. २००२ च्या जस्सा सिंग विरुद्ध हरियाणा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. कंपाउंडची भिंत चढून अंगणात उभा राहिलेला माणूस आणि खिडकी काढून खोलीत आलेला माणूस यांना एकाच मापाने मोजू नका.

जाता जाता कुलपाबद्दल. पुढच्या दाराचा कोयंडा बहुधा पाऊण इंची स्क्रूवर बसवलेला असतो. कुलूप कितीही महाग असो, सब्बल घातली की लाकडासकट स्क्रू उपटून येतात. त्याऐवजी पल्ल्यातून आरपार जाणारे बोल्ट टाका आणि आतल्या बाजूने वायसर-नट घट्ट करा. कूलरची खिडकी असेल तर कूलरमागे बिजागरीची अर्धी ग्रिल बसवून घ्या. हवा येते, माणूस येत नाही. दार तोडायला लागलेली दोन मिनिटं म्हणजे तुमच्या फोनसाठी मिळालेली दोन मिनिटं.

त्या क्षणी काय करायचं

घरातल्या सगळ्यांना एका खोलीत घ्या, आतून कडी लावा, ११२ लावा. पत्ता सांगताना नुसतं ‘मानेवाडा’ किंवा ‘हुडकेश्वर’ म्हणू नका. लेआउटचं नाव, प्लॉट क्रमांक, रिंगरोडकडून किंवा चौकातून कोणत्या बाजूला, घराचा रंग, आत किती जण शिरलेत, हातात काय दिसलं, हे सांगा. फोन चालूच ठेवा. कायदा तुम्हाला पळायला सांगत नाही, चोर समोर उभा असताना आधी फोन लावायलाच हवा असंही नाही. पण त्या फोनची नोंद राहते, आणि पुढे तुमच्या बाजूचा तोच पहिला पुरावा असतो.

मोठ्याने ओरडा: ‘कोण आहे, बाहेर नीघ, पोलिसांना कळवलंय.’ बरेच जण इथेच पळतात. शिवाय शेजारी ऐकतात आणि नंतर साक्ष देतात. बाहेरचे दिवे आतून लागतील अशी सोय आधीच करून ठेवा.

खोल्याखोल्यांतून त्याला शोधत फिरू नका. अंधारात समोर आलेला माणूस रात्रपाळीहून आलेला पुतण्या असू शकतो, किंवा सारख्या दिसणाऱ्या रो-हाउसमध्ये दार चुकलेला पिऊन आलेला शेजारी. टॉर्च तोंडावर मारा, आवाज द्या, मग ठरवा.

तो खोलीचं दार तोडायला लागला, अंगावर आला, हातात सुरा किंवा सब्बल आहे, तर थांबू नका. हात सुटेल, गुडघा दुमडेल असा घाव घाला. न्यायालय तराजू घेऊन बसत नाही. १९५२ च्या अमजद खान खटल्यात कटनीच्या दुकानदाराने दंगलीत दारावर धडकणाऱ्या जमावावर आतून गोळ्या झाडल्या होत्या. ते प्रकरण तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयातून वर गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. जमाव आत शिरून घाव घालेपर्यंत वाट पाहायची गरज नाही, आणि अशा वेळी प्रत्येक फटका सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, असं त्या निकालाचं म्हणणं. २०१० च्या दर्शन सिंग निकालाने हेच सूत्र मुद्देवार मांडलं आहे. वकिलाकडे जाताना या दोन्हींची नावं लक्षात असू द्या.

थांबायचं कधी, हे मात्र तोलावंच लागतं. हक्क भीतीबरोबर सुरू होतो आणि भीतीबरोबर संपतो. तो खाली पडला, हत्यार सुटलं, हात वर केले, खिडकीतून उडी मारून गेला, की संपला. रात्रीच्या घरफोडीत कलम ४३ प्रमाणे तो घरात आहे तोवरच हा हक्क आहे. माल घेऊन पळत असेल तर माल परत मिळवण्यासाठी पाठलाग करता येतो, अडवता येतं; पण पिशवी टाकून पळणाऱ्याच्या पाठीत मागून घातलेली कुऱ्हाड ही बचाव नसते. शवविच्छेदनात पाठीवरच्या आणि डोक्याच्या मागच्या जखमा मोजल्या जातात आणि पहिला प्रश्न तिथूनच येतो. अशा वेळी न्यायालयाला हक्क होता पण तो सद्भावनेने ओलांडला असं वाटलं, तर खुनाऐवजी कलम १०५ खाली सदोष मनुष्यवध ठरतो. हक्कच नव्हता असं ठरलं तर कलम १०३, म्हणजे खून.

पकडला, मग?

घरफोडी हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, त्यामुळे तुमच्यासमोर तो घडला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ४० प्रमाणे तुम्ही त्याला पकडू शकता. विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. हात बांधा, बसवून ठेवा, पाणी द्या. खांबाला बांधून मोहल्ल्याने धुलाई करायची पद्धत इथे येते आणि निर्दोष घरमालक इथेच आरोपी होतो. पकडलेल्या, बांधलेल्या माणसाकडून कसली भीती? बेकायदेशीर जमाव ठरला तर प्रत्यक्ष फटका न मारणाराही न्याय संहितेच्या कलम १९० खाली अडकतो. कोणीतरी काढलेला व्हिडिओ मग सरकारी पुरावा होतो. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि १०८ लावा. तुमचा उद्देश बचावाचा होता हे दाखवणारी याहून स्वस्त गोष्ट नाही.

सापळे आणि हत्यारं

कुंपणाच्या तारेत वीज सोडणं हा विदर्भातला जुना रोग. शेतात रानडुकरांसाठी, आता शहराच्या कडेच्या फार्महाउसलाही. चेरुबिन ग्रेगरी या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात एकाने शौचालयाच्या वाटेवर उघडी जिवंत तार टाकली होती, तिला चिकटून एक बाई मेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं. आत येणारी अतिक्रमण करत होती म्हणून तिच्यासाठी मरणाचा सापळा लावता येत नाही. तारेला चोर आणि दूधवाला यांच्यातला फरक कळत नाही. भिंतीवर काच लावली, काटेरी तार लावली, तर ती दिसते, सावध करते. लपवलेली २३० व्होल्टची तार सावध करत नाही.

कोणी येणार आहे अशी खबर आधीच मिळाली असेल तर पोलिसांना कळवा. भाऊबंद जमवून काठ्या-तलवारी घेऊन दबा धरला, तर ‘पोलिसांकडे जायला वेळ होता’ या मुद्द्यावर हक्क उडतो. तलवार, गुप्ती घरात ठेवण्यातच शस्त्र कायद्याचा धोका आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरगुती किंवा शेतीच्या कामाची नसलेली हत्यारं त्यात मोडतात. काठी, बॅट, मोठी टॉर्च पुरे. पेपर स्प्रे विकत मिळतो, पण तोही सरसकट सुरक्षित समजू नका: कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात स्प्रे वापरणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला होता.

पोलीस आल्यावर

जागा तशीच ठेवा. हत्यार उचलू नका, फरशी पुसू नका, अंगावरचे कपडे धुऊ नका. तुटलेली कडी, कापलेली जाळी, सरकवलेला कूलर, चपलेचे ठसे, हे सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. येत नसेल तर तपास अधिकाऱ्याला बोट दाखवून सांगा. अंगावर ओरखडा असला तरी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जाऊन तपासून घ्या आणि जखमांची नोंद करून घ्या. आरोपीच्या (गुन्हा तुमच्यावर नोंदला तर तुमच्या) अंगावरच्या जखमांचा सरकार पक्षाला खुलासा देता आला नाही तर त्याची गोष्टच संशयास्पद होते, असं १९७६ च्या लक्ष्मी सिंग निकालापासून मानलं जातं. त्या नोंदी म्हणूनच सोन्याच्या.

दोन गुन्हे नोंदले जाऊ शकतात, एक त्याच्यावर आणि एक तुमच्यावर. दचकू नका. तुमची फिर्याद स्वतंत्र द्या, तिची प्रत फुकट मागा. ठाणेदार घेत नसेल तर लेखी तक्रार परिमंडळाच्या उपायुक्तांकडे पाठवा.

जबाबात वेळ, उजेड, तो कसा आला, हातात काय होतं, काय म्हणाला, घरात कोण कोण होतं, तुम्हाला कशाची भीती वाटली, किती घाव घातले, कधी थांबलात, एवढं सरळ सांगा. ‘धडा शिकवायचा होता’, ‘चोरच होता, मेला तर काय’ ही वाक्यं जिभेवर येतात, गिळा. घाव चार घातले असतील तर दोन सांगू नका. शवविच्छेदन चारच सांगेल. वाचून झाल्याशिवाय कशावरही सही करू नका. अटकेची शक्यता दिसली तर त्याच दिवशी वकील गाठून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा विचार करा. ऐपत नसेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० लावा. स्त्रिया आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

न्यायालयात बचावाचा हक्क सिद्ध करायचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम १०८ प्रमाणे तुमच्यावर असतो. पण सरकार पक्षाला करावं लागतं तसं संशयातीत सिद्ध करायची गरज नाही. तुमचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पुरतं. तुम्ही स्वतः साक्षीदार न देता सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही ते उभं करता येतं.

राहिला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी. चार कॅमेरे आणि एक टीबीची हार्ड डिस्क असेल तर सेटिंगप्रमाणे दहा-पंधरा दिवसांत जुनं चित्रण नवीन चित्रणाखाली पुसलं जातं. घटनेनंतर त्याच दिवशी एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंतचं चित्रण काढून ठेवा आणि डीव्हीआर बंद करून तसाच पोलिसांना दाखवा. त्याचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे हे पंचनाम्यात लिहून घ्या, नाहीतर सूर्योदयाचा हिशेब चुकतो. चित्रण पुरावा म्हणून द्यायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक आकड्यासह, प्रमाणपत्र लागतं. कॅमेरे बसवणाऱ्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. त्यामुळे फाइल कोणी, कधी, कोणत्या पेनड्राइव्हवर घेतली हे त्याच्याकडून तेव्हाच लिहून घ्या.